व्हायरल तापात झाडपाला: काय घ्यावं, कसं करावं आणि कुठे थांबावं

पावसाळा सुरू झाला की "व्हायरल आहे, काढा घे" हा सल्ला सोसायटीच्या लिफ्टपासून एसटीच्या रांगेपर्यंत कुठेही फुकट मिळतो. त्यातला काढा वाईट नसतो. गडबड असते ती "व्हायरल आहे" या खात्रीत, आणि काढ्याने विषाणू मरतो या समजुतीत. तुळस, आलं, अडुळसा, ज्येष्ठमध यांनी घसा निवतो, नाक मोकळं होतं, खोकला सुसह्य होतो. सर्दी-पडशात एवढंच हवं असतं, कारण विषाणूला हुसकावून लावायचं काम शरीर स्वतःच आठवडा-दहा दिवसांत करतं. हा लेख या मर्यादेत राहून घरचं औषध नीट कसं करायचं, याबद्दल आहे. ही मर्यादा कुठे संपते, तेही सांगणार आहे, कारण नुकसान होतं ते तिथेच.

आधी ताप कोणता ते बघा

जून ते ऑक्टोबर या काळात महाराष्ट्रात आणि गोव्यात येणारा प्रत्येक ताप विषाणूचा नसतो. मलेरिया परजीवीमुळे होतो. टायफॉइड आणि लेप्टोस्पायरोसिस जिवाणूंमुळे होतात, आणि या तिघांवर नेमकी, परिणामकारक औषधं उपलब्ध आहेत. मुंबईत किंवा कोकणात साचलेल्या पाण्यातून चालत गेल्यानंतर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले, तर तुळशीचा काढा उकळत बसू नका. लेप्टोचे पहिले दिवस वाया घालवणं महागात पडतं.

म्हणून पहिली पायरी स्वयंपाकघरातली नाही. थर्मामीटर काढा आणि दिवसातून तीनदा ताप कागदावर लिहा. नाक वाहणं, शिंका, घसा खवखवणं यांच्यासोबत हलका ताप असेल तर घरी थांबायला हरकत नाही. नाक-घशाची काहीच तक्रार नाही, पण अंग मोडून आलंय, डोळ्यांच्या मागे दुखतंय, ताप १०२-१०३ फॅरनहाइट आहे, तर रक्ततपासणी करून घ्या. डेंगीची एनएस१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी असते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरगुती काहीही न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

"विषाणूनाशक" या शब्दाचं वजन

अमुक वनस्पतीने तमुक विषाणू मारला, अशा बातम्या सतत येतात. बहुतेक वेळा त्या खोट्या नसतात, अर्धवट असतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर वनस्पतीचा अर्क टाकला आणि विषाणूची वाढ थांबली, असा तो प्रयोग असतो. पण गिळलेला अर्क पोटात फुटतो, यकृतात बदलतो, आणि रक्तात पोचेपर्यंत बशीतल्या प्रमाणाचा लहानसा अंश उरतो. हळदीतलं कर्क्युमिन याचं उत्तम उदाहरण. नुसतं घेतलं तर ते रक्तात जवळजवळ सापडतच नाही. १९९८ साली बंगळूरुच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य, दिलं आणि रक्तातलं प्रमाण वीसपट वाढलेलं आढळलं. हळदीच्या दुधात मिरपूड घालायची टूम तिथून निघाली. पिपरिन इतर औषधांचं प्रमाणही रक्तात वाढवतं, हे मात्र कोणी सांगत नाही. फिट्सवरचं फेनिटॉइन त्यातलंच एक.

आपल्याकडची सगळ्यांत बोलकी हकीकत भुईआवळीची. पावसाळ्यात वाटेच्या कडेला उगवणारं हे वीतभर रोप. डहाळीच्या खालच्या अंगाला ओळीने बारीक आवळे लोंबतात. कावीळीवर ते पिढ्यान्‌पिढ्या दिलं जातंय. चेन्नईचे डॉ. त्यागराजन आणि हिपॅटायटिस बी विषाणूच्या शोधासाठी १९७६चं नोबेल मिळवलेले बरूच ब्लमबर्ग यांनी मिळून १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. हा विषाणू बाळगणाऱ्यांना महिनाभर भुईआवळीची पूड दिली. ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं पृष्ठ-प्रथिन नाहीसं झालं. खोटी गोळी घेतलेल्या २३ जणांत असं फक्त एकाच्या बाबतीत घडलं. जगभर खळबळ उडाली. पण पुढे इतरांनी पुन्हा चाचण्या केल्या तेव्हा हा निकाल तसा आला नाही, आणि २०११ साली सगळ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर खात्रीलायक पुरावा नाही असंच निघालं. नोबेलविजेता सोबत असतानाही एक चाचणी पुरली नाही, ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवरचा पुढचा "सिद्ध झालेला" काढा वाचताना लक्षात ठेवा.

वनस्पतीतून खरं औषध निघतच नाही, असंही नाही. गोड्या मसाल्यात पडणाऱ्या चक्रीफुलात शिकिमिक आम्ल असतं आणि फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध त्यापासून बनवतात. पण ते बनवायला रासायनिक क्रियेच्या बऱ्याच पायऱ्या लागतात. चक्रीफूल उकळून प्यायल्याने ओसेल्टामिविर मिळत नाही, चहा मिळतो. अडुळशातल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध घडवलं गेलं. तिथे मात्र परंपरेने केलेला वापर आणि आधुनिक औषध एकाच कामाचे आहेत, आणि म्हणून अडुळशाबद्दल मला इतर बऱ्याच वनस्पतींपेक्षा जास्त विश्वास वाटतो.

खरी वनस्पती मिळवणं

काष्ठौषधीच्या दुकानात पुडीत बांधून जे मिळतं ते नेहमी मागितलेलंच असतं असं नाही. शक्य असेल तर तुळस, गवती चहा, पुदिना, पानओवा आणि अडुळसा कुंडीत किंवा परसात लावा. पाचही सहज जगतात. अडुळसा तर कुंपणाला लावला की गुरंही तोंड लावत नाहीत.

अडुळशाची वाळलेली पानं विकत घेताना जपा. गुजरातेत महारुखाला अरडुसो म्हणतात, आणि त्याची पानं अडुळशाच्या नावाने बाजारात येतात. अडुळशाचं पान साधं, भाल्यासारखं, दोन्ही टोकांना निमुळतं असतं. महारुखाचं पान संयुक्त असतं, एका लांब देठाला पुष्कळ पर्णिका, कडा दातेरी. ताजं घेतलंत तर फसवणूक होणं अवघड.

दालचिनी म्हणून किराणा दुकानात मिळणारी जाड, कडक, एकाच पापुद्र्याची साल बहुधा कॅसिया असते. तिच्यात कुमारिन जास्त असतं आणि ते मोठ्या प्रमाणात यकृताला चालत नाही. मसाल्यात काही बिघडत नाही, पण रोज दोन-तीन कप काढा प्यायचा असेल तर सिगारसारखी गुंडाळलेली, पातळ पापुद्र्यांची सिलोनी दालचिनी घ्या. हळद शक्यतो हळकुंडं आणून दळून घ्यावी. पूड चमकदार पिवळी दिसावी म्हणून तिच्यात शिशाचं रंगद्रव्य मिसळण्याचे प्रकार घडलेले आहेत.

फांट की काढा?

बहुतेक घरांत सगळं एकाच पातेल्यात टाकून अर्धा तास खदखदवतात. इथेच निम्मं औषध वाफेबरोबर उडून जातं. तुळस, गवती चहा, पुदिना, पानओवा यांचा गुण त्यांच्या सुगंधी तेलात असतो. स्वयंपाकघरभर सुटलेला तो छान वास म्हणजे कपातून निघून गेलेलं तेल. अशा पानांचा फांट करायचा: पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, चुरगळलेली पानं टाकायची, झाकण ठेवून ७-८ मिनिटं थांबायचं आणि गाळायचं. आयुर्वेदात फांट आणि क्वाथ (म्हणजे काढा) हे दोन वेगळे प्रकार सांगितले आहेत ते याचमुळे.

सुंठ, ज्येष्ठमध, वाळा, साली, मुळं असे कठीण पदार्थ उकळावे लागतात. शार्ङ्गधरसंहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथात एक भाग भरडीला सोळा भाग पाणी घेऊन आठवा हिस्सा उरवायला सांगितलं आहे. तो काढा फार दाट होतो आणि वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावा. घरी एक चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम भरड, दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळून अर्धा कप उरवलं की पुरे. भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या, अ‍ॅल्युमिनियमचं नको. काढा रोज ताजा करायचा. सकाळचा संध्याकाळी चालेल, कालचा आज नको.

२०२०च्या मार्चनंतर आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्याचं प्रमाण तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १ असं होतं. त्याची ३ ग्रॅम पूड १५० मिली उकळत्या पाण्यात घालून दिवसातून एकदा किंवा दोनदा, एवढंच. म्हणजे वाळलेली तुळस ४० ग्रॅम, दालचिनी आणि सुंठ २०-२० आणि मिरी १० ग्रॅम घेतलीत तर तीस कपांची सोय होते. प्रत्यक्षात त्या दिवसांत लोकांनी मूठ-मूठ मसाले टाकून दिवसातून चार वेळा तो प्यायला, मग पित्त, तोंड येणं, शौचाला जळजळ. दोष कृतीत नव्हता, हातात होता.

तक्रारीप्रमाणे काय करायचं

सर्दी, चोंदलेलं नाक: अर्धा इंच आलं ठेचून २०० मिली पाण्यात पाच मिनिटं उकळा. गॅस बंद करून ८-१० तुळशीची पानं आणि गवती चहाची दोन पाती चुरगळून टाका, झाकून ठेवा. कोमट झाल्यावर चमचाभर मध. दिवसातून दोनदा. एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध कोणत्याही कारणाने द्यायचा नाही, बोटाने चाटवायचाही नाही. मधातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

वाफ: हा उपाय मोठ्यांपुरताच. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर घेऊन डोक्यावर चादर ओढायची आपली जी पद्धत आहे, तिने दरवर्षी मुलं भाजतात. पातेलं टेबलावर ठेवा, आतमध्ये मूठभर पुदिना, निर्गुंडीचा पाला किंवा चमचाभर ओवा टाका, पाच-सात मिनिटांत आटपा. वाफेने विषाणू मरत नाही, थोडा वेळ बरं वाटतं. कापूर आणि निलगिरीचं तेल लहान मुलांच्या नाकाशी, छातीशी नको. पोटात गेलं तर झटके येऊ शकतात, म्हणून बाटली उंच फळीवर ठेवा.

घसा: ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि चिमूट हळद टाकून गुळण्या, दिवसातून तीन-चार वेळा. स्वस्त, निर्धोक. याहून फार काही लागत नाही.

कोरडा खोकला: ज्येष्ठमधाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा दिवसभरात चघळायचा. गोड लागतो म्हणून लोक हातात येईल तितका खातात, आणि तिथे मामला बिघडतो. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि लघवी साफ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ज्येष्ठमध टाळावा. बाकीच्यांनीही आठवड्याच्या वर नको. याच ग्लिसरायझिनने २००३ साली फ्रँकफर्टच्या प्रयोगशाळेत सार्सच्या विषाणूची वाढ रोखली होती, आणि जपानमध्ये ते जुनाट हिपॅटायटिससाठी शिरेतून दिलं जातं. शिरेतून आणि डॉक्टरच्या नजरेखाली, हे महत्त्वाचं.

कफाचा खोकला: इथे अडुळसा. ताज्या पानाचा रस नुसता ठेचून नीट निघत नाही, हे करून पाहणाऱ्याला लगेच कळतं. पाच-सहा पिकत आलेली पानं धुऊन इडलीच्या भांड्यात दहा मिनिटं वाफवा, मग पाट्यावर वाटून फडक्यातून पिळा. दोन चमचे रस, एक चमचा मध, दिवसातून दोनदा, तीन ते पाच दिवस. गर्भवतींनी अडुळसा मुळीच घ्यायचा नाही, त्यातलं व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन घडवतं. कफातून रक्त आलं किंवा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, तर क्षयाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

तापातली तहान: षडंगपानीय आज जवळजवळ विस्मरणात गेलंय, याची मला खंत वाटते. नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, सुगंधी वाळा, चंदन आणि सुंठ समभाग घेऊन भरड करायची. १० ग्रॅम भरड साधारण ६५० मिली पाण्यात उकळून निम्मं उरवायचं, गाळायचं आणि दिवसभर घोट-घोट प्यायचं. विषाणूशी त्याचं देणं-घेणं असो वा नसो, तापलेल्या माणसाच्या पोटात पाणी जातं. नुसतं पाणी नको म्हणणारा हे वासामुळे पितो. जोडीला तांदळाची पेज मीठ घालून, आणि मुगाचं कढण. भूक नसेल तर जेवणाचा आग्रह नको, पाण्याचा मात्र हवा.

कांजिण्या: कडुनिंबाच्या पाल्याच्या कोमट पाण्याने आंघोळ घातली की खाज शमते, आणि आंथरुणात पाला ठेवायला हरकत नाही. पण मोठ्या माणसाला कांजिण्या झाल्या तर एसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध पहिल्या चोवीस तासांत सुरू केलं तर उपयोगी पडतं. कांजिण्या म्हणजे देवीचा कोप, म्हणून डॉक्टरकडे जायचं नाही, हा संकेत मोडलेला बरा. कडुनिंबाचं तेल लहान मुलाला पोटात कधीही देऊ नका. त्याने मेंदू आणि यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

गुळवेलीबद्दल थोडं जास्त

कोरोनाच्या काळात गुळवेलीचा रस, गोळ्या, वाळलेली कांडं असं सगळं हातोहात खपलं. मग २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण नोंदवले. पुढे देशभरातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखं चित्र त्यांतल्या बऱ्याच जणांत दिसलं. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला आणि दुसऱ्याच जातीची, म्हणजे टिनोस्पोरा क्रिस्पाची वेल वापरली गेली असावी अशी शक्यता मांडली. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

वापरणाऱ्याने काय करायचं? थायरॉइडचा ऑटोइम्यून (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याने होणारा) आजार, संधिवात, सोरायसिस, ल्यूपस किंवा यकृताचा कसलाही त्रास असेल तर गुळवेल नको. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तरीही नको. बाकीच्यांनी वैद्याला विचारून, थोडे दिवस घ्यावी. "इम्युनिटीसाठी रोज सकाळी" हा प्रकार बंद करावा. वेल स्वतः तोडणार असाल तर हृदयाकृती गुळगुळीत पान, कागदासारखी सुटणारी साल आणि आडवा काप घेतल्यावर दिसणारी चाकाच्या आऱ्यांसारखी रचना बघा. खोडावर गाठी-गाठी, मस उठल्यासारखे उंचवटे असतील तर ती वेल सोडून द्या. घेताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, मळमळ वाढली तर त्याच दिवशी थांबवून यकृताची तपासणी करा.

डेंगी आणि पपईचं पान

मलेशियात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या २२८ डेंगी रुग्णांच्या चाचणीत पपईच्या पानांचा रस घेतलेल्यांच्या प्लेटलेट दोन दिवसांत जास्त वाढल्या. इतरही काही चाचण्यांत असं दिसलंय. म्हणजे यात काहीच नाही, असं म्हणता येत नाही. पण डेंगीत माणूस दगावतो तो मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरल्यामुळे, आणि ते पपईने थांबतं असं दिसलेलं नाही. शिवाय सातव्या-आठव्या दिवसापासून प्लेटलेट आपल्या आपण चढू लागतात, म्हणून त्या सुमाराला जे दिलं त्यालाच श्रेय मिळतं.

रस अतिशय कडू असतो. तो पिऊन उलट्या झाल्या तर आधीच पाणी कमी पडलेल्या शरीराचं नुकसानच होतं. घ्यायचाच असेल तर डॉक्टरला सांगून, उलटी होत नसेल तर, गर्भवतीला कधीच नाही. जास्त लक्ष ताप उतरल्यावरच्या दोन दिवसांवर ठेवा. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि धोका नेमका तेव्हा असतो. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, थंड पडलेले हातपाय, सहा तास लघवी नाही, यातलं काहीही दिसलं की थेट रुग्णालय. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, कॉम्बिफ्लाम नको, आणि लसणाच्या-आल्याच्या मोठ्या मात्राही या दिवसांत नकोत.

इथे झाडपाला नकोच

कुत्रा, मांजर, माकड चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लस घ्यायची. हळद, चुना, तिखट, गावठी मुळी, मंत्र, काही नको. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

कावीळीला पाला देणारे ठिकठिकाणी आहेत आणि त्यांच्याकडे बरे झालेलेही खूप भेटतात, कारण हिपॅटायटिस ए आणि ई बहुतेकांत आपोआप बरे होतात. कोणता हिपॅटायटिस आहे हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. जुनाट बी असेल तर आयुष्यभर लक्ष ठेवावं लागतं, सी आता गोळ्यांनी बरा होतो. गर्भवतीला कावीळ झाली तर एक दिवसही थांबू नका, ई प्रकार गरोदरपणात जिवावर बेततो.

किती दिवस, आणि डॉक्टरला काय सांगायचं

कुठलाही घरगुती काढा पाच दिवसांच्या वर ओढू नका. एका वेळी एकच मिश्रण घ्या. तुळशीचा काढा, गुळवेलीचा रस, च्यवनप्राश, हळदीचं दूध आणि कुणीतरी दिलेली पूड एकत्र चालू असेल, तर अंगावर पुरळ उठल्यावर दोष कोणाचा हे शोधता येत नाही. रक्त पातळ करणारी गोळी, फिट्सची औषधं, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी विचारून मगच सुरुवात करावी.

तीन दिवसांनंतरही ताप टिकला, श्वास लागला, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन ९४च्या खाली गेला, माणूस बरळू लागला किंवा बाळ दूध पिईना, तर दवाखाना. जाताना तापाचा कागद घ्या आणि जे जे घेतलंय ते सगळं पिशवीत भरून न्या: गोळ्यांची पाकिटं, पुड्या, बाटल्या, अगदी वेलीचा तुकडासुद्धा. डॉक्टर "आणखी काही घेतलंत का" विचारतात तेव्हा बहुतेक लोक "नाही" म्हणतात, कारण काढा हा औषधात धरतच नाहीत. तो धरायचा. पाकिटावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर तेही सांगा, म्हणजे यकृताची आणि मूत्रपिंडाची चाचणी लावायची की नाही हे त्यांना ठरवता येतं.